वधू-वर पुस्तिकेतील ६१२ फोटो : इनडिझाइनमध्ये चौकटींचे माप स्क्रिप्टने बसवताना

हे प्रकरण एका ज्ञातिमंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचे आहे. पुस्तिका ए-फोर आकाराची होती. डाव्या-उजव्या बाजूंना १५ मिलिमीटर समास, ८७ मिलिमीटर रुंदीचे दोन स्तंभ आणि मध्ये ६ मिलिमीटरची पन्हळ, अशी पानाची मांडणी होती. प्रत्येक स्तंभात तीन परिचय बसत, म्हणजे पानाला सहा, आणि एकूण ६१२ परिचयांची १०२ पाने. प्रत्येक परिचयात डावीकडे फोटो, त्याच्या शेजारी आठ ओळींची वैयक्तिक माहिती आणि खाली कुटुंबाची व अपेक्षांची माहिती होती. मंडळाने एक्सेलमध्ये भरून दिलेल्या तक्त्यावरून आम्ही ही पाने ॲडोबी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधील डेटा मर्जने, म्हणजे तक्त्यातील नोंदी पानावर आपोआप भरणाऱ्या सोयीने, लावली होती. फोटोची चौकट ३० गुणिले ४० मिलिमीटरची होती आणि मर्ज करताना फोटो प्रमाण न बिघडवता चौकट भरेल व मध्यावर राहील, असा पर्याय निवडला होता.

पहिले प्रूफ गेल्यानंतर मंडळातील ज्येष्ठांनी अक्षर बारीक असल्याची तक्रार केली आणि ती रास्त होती. मजकूर ९ पॉइंटवरून १० पॉइंटवर न्यायचा (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग), लेडिंग, म्हणजे एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंतचे अंतर, १२ ऐवजी १३ पॉइंट करायचे, उमेदवाराचे नाव १२ पॉइंट ठळक अक्षरात घ्यायचे आणि शेजारच्या आठ ओळींत रक्तगट सामावून घ्यायचा, असे ठरले. मजकुराची चौकट रुंद करण्यासाठी फोटो थोडा लहान करणे भाग होते. तोवर आमच्या एका सहकाऱ्याने तीन दिवस खपून अनेक फोटो हाताने सरकवून, मोठे करून चेहरा नीट दिसेल असे बसवलेले होते. एका फोटोला दीड मिनिट धरले, तरी ६१२ फोटोंची चौकट पुन्हा हाताने बदलायला पंधरा तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि अक्षराचे माप मंडळ पुन्हा बदलणार नाही याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे इनडिझाइनकडून हे काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचे ठरले.

केवळ रुंदी आणि उंची बदलायची असती, तर स्क्रिप्टची गरज नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ऑब्जेक्ट स्टाइलमध्येच, म्हणजे चौकटींना लावायच्या ठरीव शैलीतच, आकार आणि स्थान नोंदवता येते; शैलीत एक आकडा बदलला की सर्व चौकटी बदलतात. आमच्या कामात मात्र चौकटीची वरची कड शेजारच्या नावाच्या ओळीवरून ठरायची होती आणि फोटो कोठून कापायचा हे त्या-त्या फोटोच्या घडणीवर अवलंबून होते. या दोन गोष्टी शैलीला ठरवता येत नाहीत.

पहिली स्क्रिप्ट मी एका संध्याकाळी लिहिली आणि ती चुकली. त्या चुका येथे क्रमाने नोंदवते, कारण चौकटींवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला यांतल्या दोन-तीन तरी भेटतातच.

इनडिझाइन चौकटीच्या कडा ‘जिओमेट्रिक बाउंड्स’ या गुणधर्मात चार आकड्यांनी सांगते, आणि त्यांचा क्रम वर, डावी, खाली, उजवी असा असतो. भूमितीच्या शाळकरी सवयीने आपण आडवे माप आधी आणि उभे नंतर लिहितो. येथे उभे आधी येते. मी हा क्रम बरोबर लिहिला होता, पण एककाकडे दुर्लक्ष केले होते. स्क्रिप्टला दिलेला आकडा त्या दस्तऐवजाच्या पट्टीवर जे एकक असेल त्यात वाचला जातो. मी पॉइंटमध्ये मोजलेले माप मिलिमीटरची पट्टी असलेल्या फाइलला दिले आणि पहिल्याच फेरीत फोटो जवळजवळ तिप्पट मोठे होऊन एकमेकांवर चढले. स्क्रिप्टच्या आरंभी ‘स्क्रिप्ट प्रेफरन्सेस’मधील ‘मेझरमेंट युनिट’ पॉइंटवर नेमून शेवटी ते पूर्ववत केले की हा प्रश्न कायमचा मिटतो, आणि ऑपरेटरच्या पट्टीलाही हात लागत नाही.

दुसरी चूक अधिक फसवी होती. डाव्या स्तंभातील फोटोची डावी कड पानाच्या काठापासून १५ मिलिमीटरवर आणि उजव्या स्तंभातील १०८ मिलिमीटरवर, असे मी स्क्रिप्टमध्ये सरळ लिहिले होते. पहिले पान उघडून पाहिले तर सहाही फोटो जागच्या जागी होते. समाधान वाटून मी फाइल जतन केली. पुढे दुसरे आणि तिसरे पान समोर आले, तेव्हा डाव्या पानावर बारा फोटो दोन थरांत पडलेले होते आणि उजव्या पानावर फोटोंच्या जागा मोकळ्या होत्या. कारण असे की, पट्टीचा आरंभबिंदू ‘स्प्रेड’वर ठेवलेला असेल, तर समोरासमोरच्या दोन पानांची मापे डाव्या पानाच्या डाव्या काठापासून मोजली जातात, म्हणजे उजव्या पानावरचा १५ मिलिमीटरचा बिंदू त्या मोजणीत २२५ वर असतो आणि १०८ चा ३१८ वर. पुस्तकाचे पहिले पान एकटेच असते, त्याच्या डावीकडे दुसरे पान नसते, म्हणून तेथे चूक दिसत नाही. चाचणी पहिल्या पानावर घेण्याची आपली स्वाभाविक सवय या एका बाबतीत नेमकी आड येते. ‘व्ह्यू प्रेफरन्सेस’मधील ‘रुलर ओरिजिन’ पानावर आणि दस्तऐवजाचा ‘झीरो पॉइंट’ शून्य-शून्यवर नेमल्यावर उजवी पाने भरली. तेव्हापासून मी कोणत्याही स्क्रिप्टची चाचणी पहिले पान, एक समोरासमोरची जोडी आणि शेवटचे पान अशी घेते.

तिसरी चूक मोजणीत सापडली. स्क्रिप्टने शेवटी किती चौकटी बदलल्या हे सांगावे, अशी सोय मी ठेवली होती. तिने ६१२ ऐवजी ५८८ हा आकडा सांगितला. उरलेल्या २४ चौकटी चार पानांवरच्या होत्या आणि त्या पानांवर सहकाऱ्याने फोटो व मजकूर ग्रुप करून ठेवले होते. दस्तऐवजाचे ‘रेक्टँगल्स’ मागितले तर ग्रुपच्या आत असलेल्या किंवा मजकुरात अँकर केलेल्या चौकटी त्यांत येत नाहीत. ‘ऑल ग्राफिक्स’ मागून प्रत्येक चित्रापासून त्याच्या ‘पेरेंट’ चौकटीकडे जाणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे, आणि त्यातही चौकटीवर ‘सभासद-फोटो’ ही ऑब्जेक्ट स्टाइल आहे का हे पाहिले की जाहिराती आणि मंडळाचे बोधचिन्ह आपोआप बाजूला राहतात.

एवढे दुरुस्त करून फोटो नव्या चौकटीत प्रमाणात भरले, मध्यावर आणले आणि पीडीएफ मंडळाकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीसांचा फोन आला : “ताई, पोरीचं कपाळच कापलंय. स्थळ बघणाऱ्यांनी नुसती हनुवटी बघायची का?” त्यांनी पान क्रमांक सांगितला, मी ते पान उघडले, आणि तसे आणखी किती आहेत हे पाहू लागले. सहकाऱ्याने तीन दिवस हाताने बसवलेला एकही फोटो शिल्लक राहिला नव्हता. चौकटीला ‘फिट’ करण्याची आज्ञा आधीची सर्व बसवणूक पुसून नव्याने बसवते. तिला कोणाचे हात लागले होते हे कळण्याचे कारण नाही. शिवाय स्क्रिप्टमधली प्रत्येक कृती स्वतंत्र नोंदली गेली असल्याने मागे जाण्यासाठी शेकडो वेळा ‘अनडू’ करावे लागले असते. सुदैवाने आदल्या दिवशीची फाइल वेगळ्या नावाने ठेवलेली होती.

येथून काम नव्याने सुरू केले आणि या वेळी पहिला प्रश्न चौकटीच्या मापाचा घेतला, कारण तोवर ते माप मी अंदाजाने ठरवत होते.

फोटोशेजारी मजकूर असला की चौकटीची खालची कड शेवटच्या ओळीच्या पायावर, म्हणजे बेसलाइनवर, टेकली पाहिजे, हे मांडणीचे जुने पथ्य आहे. वरच्या कडेबाबत मात्र रोमन लिपीसाठी लिहिलेली हस्तपुस्तके मोठ्या अक्षराच्या डोक्याशी किंवा लहान अक्षराच्या उंचीशी ती जुळवायला सांगतात. मराठीत या दोन्हींना अर्थ नाही. आपल्या ओळीचे डोके म्हणजे शिरोरेषा. ओळभर अखंड जाणारी ती आडवी रेघ डोळ्याला सर्वांत आधी दिसते, आणि तिच्या शेजारी फोटोची आडवी कड पॉइंटभर जरी वर-खाली असली, तरी पान तिरके लागल्यासारखे वाटते. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात, आणि त्यांना तसे जाऊ द्यावे. काही जण सर्वांत उंच मात्रेशी फोटो जुळवतात; तसे केले की ज्या नावात वेलांटी नाही तेथे फोटो मजकुरापेक्षा उंच डोके काढतो. माझ्या मते शिरोरेषा हीच देवनागरी पानातील एकमेव विश्वासार्ह वरची कड आहे.

मग शिरोरेषा पायापासून किती उंचीवर आहे, हे मोजणे आले. फॉण्टगणिक ती उंची बदलते, त्यामुळे कोणताही ठरीव आकडा उपयोगाचा नाही. स्क्रिप्टला मी हे मोजमाप असे करायला लावले : पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत एक तात्पुरती मजकूर-चौकट बनवायची, तीत आपल्याच परिच्छेद शैलीत ‘म’ हे एक अक्षर लिहायचे, त्याची बाह्यरेषा काढायची, त्या आकृतीची वरची कड वाचायची आणि अक्षराच्या बेसलाइनमधून ती वजा करायची. नंतर चौकट पुसून टाकायची. ‘म’ घेण्याचे कारण एवढेच की त्याच्या वर काहीही जात नाही. आमच्या फॉण्टमध्ये १० पॉइंट मजकुरासाठी हे अंतर ६.३ पॉइंट निघाले.

पहिल्यांदा मी हाच आकडा वापरला आणि प्रूफ काढून पाहिले तर फोटोची वरची कड नावाच्या शिरोरेषेच्या किंचित खाली दिसत होती. नाव १२ पॉइंट ठळक आहे हे मी विसरले होते. फोटोच्या शेजारची पहिली ओळ नावाची, तेव्हा शिरोरेषाही नावाचीच धरली पाहिजे. त्या शैलीत मोजले तेव्हा ७.६ पॉइंट आले. फरक फक्त १.३ पॉइंटचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण पानावर सहा वेळा तो दिसत असे आणि एकदा लक्षात आल्यावर नजर तेथेच अडकत असे.

चौकटीची उंची त्यानंतर आपोआप ठरली. आठ ओळींत सात लेडिंग असतात. सात गुणिले तेरा म्हणजे ९१ पॉइंट, त्यात नावाची शिरोरेषा ७.६ मिळवली की ९८.६ पॉइंट, म्हणजे ३४.७८ मिलिमीटर. रुंदी आम्ही पासपोर्ट फोटोच्या ३५ गुणिले ४५ या सर्वांच्या परिचयाच्या प्रमाणात घेतली, ती ७६.६९ पॉइंट, म्हणजे २७.०५ मिलिमीटर आली. स्क्रिप्टच्या गाभ्यात शेवटी एवढेच उरले :

वर = नावाच्या ओळीचा पाया − शिरोरेषेची उंची
खाली = वर + शिरोरेषेची उंची + ७ × लेडिंग
डावी = त्या स्तंभाची डावी कड
उजवी = डावी + (खाली − वर) × ३५ ÷ ४५

ओळीचा पाया इनडिझाइन ‘बेसलाइन’ या गुणधर्मातून देते, त्यामुळे मजकुराची चौकट कोणी चुकून वर-खाली सरकवली असली, तरी फोटो तिच्यामागे जातो. कोणत्या फोटोचा शेजारी कोणता मजकूर, हे ओळखण्यासाठी त्याच पानावरील, त्याच स्तंभातील आणि उभ्या दिशेने फोटोशी सर्वाधिक झाकली जाणारी ‘परिचय-मजकूर’ शैलीची चौकट घेतली. एखाद्या फोटोला दोन शेजारी किंवा शून्य शेजारी निघाले, तर स्क्रिप्टने त्याला हात न लावता पान क्रमांक नोंदवायचा होता. असे तीन निघाले आणि तिन्ही ठिकाणी मजकुराच्या चौकटीला शैली लावायची राहून गेली होती.

फोटोंना अर्ध्या पॉइंटची करडी कड होती आणि ती चौकटीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरत होती. जिओमेट्रिक बाउंड्समध्ये ही जाडी धरली जात नाही. ‘व्हिजिबल बाउंड्स’मध्ये धरली जाते. कड आतल्या बाजूला वळवली की दोन्ही मापे एकच होतात, आणि शिरोरेषेशी जुळवलेली कड डोळ्यालाही जुळलेली दिसते.

आता फोटोतील माणसाचा प्रश्न. स्थळांचे फोटो बहुतेक मोबाइलवरून आलेले असतात, आणि त्यांत तीन-चार घडणी पुन्हा पुन्हा दिसतात : तीनास चारचे उभे, नऊस सोळाचे लांबट उभे, चौरस, आणि चारास तीनचे आडवे. चौकट प्रमाणात भरली तर प्रत्येक घडणीचा किती भाग बाहेर जातो, हे आधी कागदावर मांडले. तीनास चारचा फोटो २७.०५ मिलिमीटर रुंद केला की ३६.०७ उंच होतो, म्हणजे केवळ १.२९ मिलिमीटर कापला जातो. येथे मध्यावर ठेवला काय आणि वर ठेवला काय, फारसा फरक नाही. नऊस सोळाचा फोटो मात्र ४८.०९ मिलिमीटर उंच होतो आणि १३.३१ मिलिमीटर बाहेर जातो. तो मध्यावर ठेवला की वरून साडेसहा मिलिमीटरहून अधिक जातात, आणि उभ्या फोटोत डोके वरच्याच भागात असते. चिटणीसांनी दाखवलेली मुलगी नेमकी याच घडणीच्या फोटोत होती.

म्हणून उभ्या दिशेचा कापला जाणारा भाग मध्यावर न वाटता त्यातला १५ टक्के वरून आणि ८५ टक्के खालून काढायचा, असा नियम केला. त्यामुळे लांबट फोटोचेही वरून फक्त दोन मिलिमीटर जाऊ लागले. मग वरून काहीच का कापू नये, असे सहकाऱ्याने विचारले. फोटो अगदी वर चिकटवले, तर डोक्यावर पुष्कळ रिकामे आकाश असलेले फोटो खाली बसल्यासारखे दिसत होते. पाच, दहा, पंधरा आणि वीस टक्के अशा चार छपाया काढून आम्ही दोघांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि पंधरा ठेवले. हा आकडा आमच्या गठ्ठ्यासाठी खरा आहे. लग्नसमारंभात काढलेल्या उभ्या फोटोंना तो कदाचित लागू पडणार नाही.

आडव्या फोटोला उंचीत भरले की तो ४६.३७ मिलिमीटर रुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी मिळून १९.३२ मिलिमीटर बाहेर जातात. माणूस मध्यावर उभा असेल तर ठीक, नाहीतर खांदाच उरतो. लांबट फोटोंतही पुष्कळ फोटो पूर्ण उंचीचे, साडी किंवा शेरवानी दिसावी म्हणून काढलेले होते, आणि त्यांत चेहरा तांदळाएवढा होता. या दोन्ही घडणींसाठी कोणताही नियम पुरा पडणार नाही, हे मान्य करून स्क्रिप्टने त्यांना नियमाप्रमाणे बसवायचे, पण पान क्रमांक आणि फाइलचे नाव एका यादीत लिहून ठेवायचे, असे केले.

राहिले हाताने बसवलेले फोटो. कोणते फोटो हाताने बसवले, याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. इनडिझाइनमध्ये प्रत्येक चौकटीवर स्क्रिप्टला वाचता येईल असे लेबल लिहिता येते; सहकाऱ्याने काम करताना ते लिहिले असते तर प्रश्नच उरला नसता. पण फाइलमध्येच खूण शिल्लक होती. मर्जने प्रत्येक फोटो चौकट भरून अगदी मध्यावर ठेवला होता. म्हणजे जुन्या चौकटीत फोटो मध्यावर भरला असता तर त्याच्या कडा कोठे आल्या असत्या, हे गणिताने काढायचे आणि प्रत्यक्षातल्या कडांशी ताडायचे. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक दिसला, तर तेथे माणसाचा हात लागलेला आहे. जुन्या फाइलवर ही तुलना चालवली आणि ९४ फोटो निघाले. सहकाऱ्याला यादी दाखवली तेव्हा त्याने वाचत वाचत मान डोलावली आणि दोन नावांपाशी थांबून ते फोटो आपण सरकवल्याचे आठवत नाही असे सांगितले. उघडून पाहिले तर ते चुकून धक्का लागून सरकले होते, म्हणून यादीतून काढले. उरलेल्या ९२ चौकटींवर स्क्रिप्टने ‘हात’ असे लेबल लिहिले.

या ९२ फोटोंना ‘फिट’ची आज्ञा द्यायचीच नाही, असे ठरवले. त्याऐवजी चौकट आणि आतला फोटो मिळून एकाच प्रमाणात लहान करायचे. जुनी चौकट ३० गुणिले ४० होती. रुंदीचे प्रमाण ०.९०२ आणि उंचीचे ०.८७०. यांतले मोठे घेतले, म्हणजे जोडी ९०.२ टक्क्यांवर आणली, की रुंदी बरोबर २७.०५ येते आणि उंची ३६.०७ राहते. जास्तीचे १.२९ मिलिमीटर चौकटीच्या फक्त खालच्या कडेतून कमी केले. सहकाऱ्याने डोळ्यांच्या पातळीपासून केसांपर्यंत जी जागा ठेवली होती ती तशीच राहिली. छातीजवळचा एक धागाभर कापड गेला, इतकेच.

उरलेल्या तांत्रिक बाबी थोडक्यात सांगते. सर्व काम ‘डू स्क्रिप्ट’मध्ये गुंडाळून संपूर्ण स्क्रिप्ट एकच ‘अनडू’ व्हावी, असा पर्याय दिला. आता एका कळीवर सगळे मागे येते. दोन मापे समान आहेत का हे तपासताना काटेकोर बरोबरी कधीच वापरली नाही, कारण ९८.६ हा आकडा परत वाचताना दशांशानंतरच्या कुठल्यातरी घरात हलकासा बदललेला येऊ शकतो. एक शतांश पॉइंटची सूट पुरते. स्क्रिप्ट एक्स्टेंडस्क्रिप्टमध्ये, म्हणजे १९९९ च्या इक्मास्क्रिप्ट तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेल्या जुन्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिली. इनडिझाइन २०२३ पासून यूएक्सपी हा नवा मार्गही आहे, पण छपाईच्या दुकानांतील संगणकांवर जुन्या आवृत्त्या आजही सर्रास चालतात आणि त्यांवर ही स्क्रिप्ट विनातक्रार चालावी, हे मला महत्त्वाचे वाटले.

फोटोची घनताही याच फेरीत तपासून घेतली. २७.०५ मिलिमीटर म्हणजे १.०६५ इंच, ३०० पीपीआयसाठी, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल मिळण्यासाठी, फोटोची रुंदी साधारण ३२० पिक्सेल असली तरी पुरते. ७२० पिक्सेल रुंदीचा फोटो पूर्ण रुंदीत बसवला तर त्याची प्रत्यक्ष घनता ६७६ येते, पण पूर्ण उंचीच्या फोटोतला चेहरा तिप्पट मोठा केला की तीच २२५ वर उतरते. पुस्तिका १३३ च्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १३३ ओळी धरून, ऑफसेटने छापायची असल्याने २०० च्या खाली जाणारे फोटो ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ वाचून वेगळे काढले. असे अकरा होते; त्यांपैकी आठ कुटुंबांकडून मूळ फोटो पुन्हा मागवले. तीन कुटुंबांकडे मूळ फोटो नव्हताच, म्हणून ते फोटो कमी मोठे करून चेहरा लहानच ठेवला. धूसर चेहऱ्यापेक्षा लहान पण स्पष्ट चेहरा बरा, यावर मंडळाचेही एकमत झाले.

दुसऱ्या स्क्रिप्टची चाचणी आदल्या दिवशीच्या फाइलच्या प्रतीवर घेतली. मोजणी ६१२ झाली. हाताचे ९२, लांबट ८३, आडवे ३७ आणि उरलेले ४०० सरळ नियमाने बसलेले. सरळ बसलेल्या चारशेंची पाने आम्ही छापून नजरेखालून घातली आणि त्यांत सहा फोटो पुन्हा हाताने सरकवावे लागले. लांबट आणि आडव्या मिळून १२० फोटोंची यादी घेऊन सहकारी बसला. त्यांतले ५१ त्याने बदलले, बाकीचे नियमाने बसले तसेच ठेवले. एका आडव्या फोटोत दोन बहिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि चौकटीचा मध्य नेमका दोघींच्या मधल्या भिंतीवर आला होता. उमेदवार कोण, हे आम्हाला ओळखता येणे शक्य नव्हते. मंडळाला फोन केला, मंडळाने घरी फोन केला, आणि डावीकडची आहे असे उत्तर आले. हे सगळे काम अडीच तासांत संपले.

पुढच्या बैठकीत मंडळाने अपेक्षेप्रमाणे अक्षर आणखी अर्धा पॉइंट वाढवायला सांगितले आणि लेडिंग साडेतेरावर नेले. परिच्छेद शैली बदलून स्क्रिप्ट चालवली. तिने ‘म’ पुन्हा मोजला, नावाच्या शैलीत बदल नसल्याने शिरोरेषा ७.६ वरच आढळली, आणि सात ओळींचे अंतर ९४.५ धरून उंची १०२.१ पॉइंटवर नेली. हाताने बदललेल्या नव्या ५७ फोटोंवर या वेळी सहकाऱ्याने काम करतानाच लेबल लिहिले होते, त्यामुळे एकही बसवणूक पुसली गेली नाही. चौकट उंच होताना रुंदीही त्याच प्रमाणात वाढून २८.०१ मिलिमीटर झाली आणि शेजारच्या मजकुराच्या रुंदीतला जवळपास एक मिलिमीटर गेला. बारा परिचयांत पत्त्याची ओळ तुटून नववी ओळ तयार झाली. त्या बारा ठिकाणी पत्ता हाताने आखूड करून घेतला, आणि त्यानंतर फाइल प्लेटला गेली.